पाटी कुठवर आली

दिवाळी उलटली की सांगलीच्या हवेत एक गोडसर, जळका वास उतरतो. कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते, मागून जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या हातात एखादं कांडं येतं. मळीचा हा वास बाहेरून आलेल्या माणसाला नकोसा होतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र दर वर्षी तो आला की आपलं काहीतरी लिहायचं राहून गेलंय असं वाटत राहतं. काय राहिलंय ते आठवत नाही. मी टेबलाचे खण उघडते, जुन्या वह्या चाळते, परत ठेवते.

यंदा हा वास आला त्याच आठवड्यात ऋतुजा तिचा लॅपटॉप घेऊन घरी आली. ती माझ्याकडे संशोधन करते. तिच्याकडे एक ॲप आहे. त्यात ती जुने कागद उघडते, बोटानं ओळीवर रंग चढवते, कडेला शेरा लिहिते आणि मग तो शेरा उचलून दुसऱ्या, कोऱ्या पानावर नेऊन ठेवते. तिथं तिचे असे शेकडो शेरे चौकटींत बसलेत आणि एकातून दुसऱ्याकडे फांद्या फुटल्यात. चौकटीवर बोट टेकवलं की मूळ कागद, मूळ ओळ समोर येते. "मॅडम, काही हरवतच नाही," ती म्हणाली. मी बराच वेळ त्या फांद्यांकडे बघत बसले. तिला वाटलं, मला समजलं नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं.

मला समजलं होतं. हे सगळं मी केलेलं होतं. फक्त जमिनीवर, गुडघे टेकून, नव्वदच्या दशकातल्या एका गळीत हंगामात.

मी तेव्हा एम.फिल. करत होते. राहायला सांगलीत, मार्गदर्शक साताऱ्यात. देवधर बाई त्यांचं नाव. विषय त्यांनीच सुचवलेला होता: दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांची घरी आलेली पत्रं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे पत्रं मिळतील हे नक्की होतं. मी एसटीनं गावोगाव हिंडत होते. कुठं आढ्याला टांगलेल्या पिशवीत, कुठं देव्हाऱ्यामागं, कुठं धान्याच्या कणगीशेजारी पत्रं निघत. बरीचशी वाळवीनं खाल्लेली. मग कराडच्या अलीकडं नदीकाठच्या एका गावात हौसाबाईंची पत्रं मिळाली, आणि बाकीची सगळी त्यांच्यापुढं मागं पडली.

हौसाबाई सत्तरीच्या होत्या. नवरा राजाराम लढाईत इटलीला गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात त्यांचं आयुष्य गेलं. दीरही वारला होता आणि आता त्याचा मुलगा शंकरराव घर चालवत होता. शंकरराव स्वतः फौजेतून सुभेदार होऊन आलेला. वागायला कडक, पण कपबशीतला चहा पाहुण्याच्या हातात स्वतः देणारा माणूस. त्यानं मला आधी गावची शाळा दाखवली. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात राजारामचं नाव होतं आणि त्याखाली त्याच्या शेवटच्या पत्रातलं एक वाक्य: मी नसलो तरी पेरा थांबवू नका. दर सव्वीस जानेवारीला ते पत्र मुलांपुढं वाचून दाखवतात, असं शंकररावानं सांगितलं. सांगताना तो सावधानात उभा होता.

पत्रं धुवट लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली होती. हौसाबाईंनी गाठ सोडली, वरचं पत्र डोळ्यांजवळ नेलं, जरा तिरकं धरलं आणि माझ्याकडं दिलं.

"तूच वाच, बाई. मला आता दिसत न्हाई."

मी वाचलं. त्यांनी ऐकलं. गावोगाव फिरून मला हे वाक्य पाठ झालं होतं. चष्मा घरी राहिला, डोळ्यांत पाणी येतं, उजेड कमी हाय. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं लाज राखायला असंच काहीबाही म्हणतात आणि आपण ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असतं. मी तसंच केलं. मला माझ्या समजूतदारपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

शंकररावानं पत्रं आठवडाभरासाठी माझ्याकडं दिली. सांगलीत येऊन मी त्यांच्या झेरॉक्स काढल्या, मूळ पत्रं नीट परत नेऊन दिली आणि मग आमच्या माडीवरच्या खोलीत कामाला बसले. देवधर बाईंनी पद्धत घालून दिली होती. घरच्या गोष्टींखाली निळी रेघ, फौजेतल्या गोष्टींखाली तांबडी, माणसांच्या नावांभोवती हिरवं वर्तुळ. समासात पेन्सिलीनं शेरा. मग प्रत्येक शेरा चिठ्ठीवर उतरवायचा आणि चिठ्ठ्या एका मोठ्या कागदावर मांडायच्या. मोठा कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, कणकेच्या खळीनं एकमेकींना चिकटवलेल्या. मध्ये राजारामचं नाव. तिथून रेघा सुटलेल्या: आई, वडील, धाकटा भाऊ, बैल, विहीर, सुट्टी, थंडी, मेजरसाहेब. माझी आई झाडायला आली की कागदाच्या कडेकडेनं झाडत जायची आणि विचारायची, हे संपणार कधी. मला सांगता यायचं नाही.

पहिले काही दिवस रेघा आनंदानं ओढल्या. नंतर कागद घोटाळ्यात टाकू लागला.

पहिली गोष्ट अक्षराची. राजाराम चौथी शिकलेला, त्याचं अक्षर गोल आणि घोटीव. पण शेवटच्या चार पत्रांत अक्षर वेगळं होतं. किरटं, ओळ सोडून वर चढणारं. मी समासात लिहिलं: हाताला जखम झाली असावी, सोबत्यानं लिहून दिलं असावं. दुसरी गोष्ट कागदाची. आधीच्या पत्रांवर फौजेचे शिक्के होते, तारखा होत्या. या चारांवर काहीच नव्हतं. आणि तिसरी गोष्ट मजकुराची. इटलीतल्या थंडीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. होतं ते सगळं घरचं. आईच्या गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधा. तिला पहाटेचं एकटं अंगणात सोडू नका. धाकट्याचं लग्न झालं, वाचून समाधान वाटलं.

त्या लग्नाशी मी अडले. शंकररावाच्या आईवडिलांचंच ते लग्न. ते कोणत्या साली झालं हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं. फौजेकडून आलेला राजारामच्या मृत्यूचा कागदही त्यानं दाखवला होता. मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. लग्न मृत्यूनंतर वर्षानं झालेलं होतं.

मला वाटलं, माझीच नोंद चुकली. मी पुन्हा त्या गावी जाऊन कागद बघून आले. नोंद बरोबर होती. मग ही चार पत्रं कुणाची? मी रेघा खोडल्या, नव्या ओढल्या. सोबत्याची चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली. फौजेच्या कचेरीनं लिहिली असतील? त्यांना एरंडाचं पान कुठून सुचणार? सासऱ्यांनी? त्यांची सही एका जुन्या दस्तावर होती, अक्षर जुळत नव्हतं. कागदावर इतके बाण झाले की कुठला बाण कुठून निघाला हेच मला कळेना. डोळे मिटले तरी रेघा दिसत. आणखी एक वाक्य होतं, तेही कुठं नीट बसेना. राजारामच्या खऱ्या पत्रांत, वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, आईला नमस्कार, सगळं झाल्यावर अगदी तळाशी, कुणाचं नाव न घेता तो दर वेळी विचारायचा: पाटी कुठवर आली? मी ते वाक्य धाकट्या भावाला जोडून टाकलं होतं. शाळेत जात असेल, म्हणून विचारत असेल.

देवधर बाईंना मी साताऱ्यात जाऊन हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, गावात त्या काळी लिहिणारा कोण? शिक्षक. घरच्यांनी शिक्षकाकडून पत्रं लिहून घेतली असणार. हे सिद्ध केलंस तर तुझा प्रबंध वेगळाच होईल. मला धीर आला. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात ते प्रकरण लिहूनही टाकलं. बाहेर उसाचे फड तोडून मोकळे झाले होते, पाचट जळत होतं, आणि मला पहिल्यांदाच सगळं स्वच्छ दिसतंय असं वाटत होतं.

गावात पोहोचले तेव्हा हौसाबाई अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दिसत नसलं तरी बोटं भराभर चालली होती. मीही सोलायला बसले. इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, आजी, त्या वेळी शाळेत मास्तर कोण होते? चांगले होते का?

त्या म्हणाल्या, कुठला मास्तर. आधीचा बदलून गेला आणि दुसरा दोन वर्षं आलाच नाही. शाळेत तेव्हा गवत भरून ठेवायचे.

मी शेंग हातात धरून बसले. माझा साताऱ्यापासूनचा सगळा रस्ता फुकट गेला. आडून विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून मी सरळच विचारलं, मग ती शेवटची चार पत्रं कुणी लिहिली?

त्यांनी हातातली शेंग पुरती सोलली, दाणे परातीत टाकले.

"मी."

त्यांनी मग शेंगा सोलत सोलतच सांगितलं.

लग्नानंतर राजाराम एकदा महिनाभर रजेवर आला होता. त्या महिन्यात त्यानं बायकोला अक्षरं शिकवली. दिवसा रानात, बांधावर, पाटी पदराखाली झाकून नेऊन. बायको शिकते म्हटल्यावर हसले असते सगळे. जाताना पाटी तिच्याकडं ठेवून गेला. घरी येणारी पत्रं वडिलांच्या नावावर यायची. त्यात बायकोचं नाव लिहिण्याची रीत नव्हती. तळाशी ते एक वाक्य तिच्यासाठी असायचं. आणि धाकटा भाऊ? तो एक दिवससुद्धा शाळेत गेला नव्हता.

तार आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. नजर गेलेली. सासऱ्यांनी घरातल्या सगळ्यांना बजावलं, म्हातारीला कळता कामा नये, ती या धक्क्यानं जाईल. काही महिने असेच गेले. मग सासू रोज विचारू लागली, पत्र का येत नाही. आलंय असं नुसतं सांगून भागेना. ती पत्र हातात मागायची, उशाला ठेवायची, घरात कुणी आलं की त्याला वाचायला लावायची. एक दिवस हौसाबाईंनी घरातल्या हिशेबाच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं.

"सासऱ्यांच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी कागद बघितला, माज्याकडं बघितलं. मला वाटलं आता हातच उचलत्यात. पर ते म्हातारीजवळ बसलं आन वाचाय लागलं. कुनी लिवलं म्हनून कवाच इचारलं न्हाई."

त्यांनी अशी चार पत्रं लिहिली. आणि तेवढी दोन वर्षं हातातल्या बांगड्या उतरवल्या नाहीत. सासूला दिसत नव्हतं, पण सून जवळून गेली की बांगड्या वाजायच्या. त्या वाजायच्या थांबल्या असत्या तर म्हातारीला लगेच कळलं असतं. गावच्या बायकांना हे कसं सांगणार? नवरा मेला तरी हिचा शौक सुटत नाही, असं पाणवठ्यावर बोललं जायचं. सवाष्णींत कुणी बोलवायचं नाही, आणि विधवांतही त्या बसत नव्हत्या. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं, मी नसलो तरी पेरा थांबवू नका. म्हातारीच्या मनाची थोडी तयारी व्हावी म्हणून. त्यानंतर पंधरा दिवसांत सासू गेली.

"तिच्या दहाव्याला बांगड्या फोडल्या. दोगांचं एकदमच रडून घेतलं."

परात भरली होती. त्यांनी टरफलं एका बाजूला सारली आणि शेळीला घालायला मला सांगितलं. मी घातली. ऊन कलत होतं. मला त्या क्षणी काय वाटत होतं ते आज विचाराल तरी सांगता येणार नाही. वाईट वाटत होतं, भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, प्रबंध चांगला होणार याचा आनंदही त्यात होता. हे तिन्ही एकाच वेळी कसे असू शकतात, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

ऋतुजाच्या ॲपमध्ये दोन चौकटी चुकून जोडल्या गेल्या तर रेघेवर बोट ठेवलं की ती पुसली जाते. खाली काही खूण राहत नाही. मी तिला म्हटलं, माझ्या कागदावर मात्र खोडलेली रेघही दिसायची. ती म्हणाली, मग किती गिचमिड होत असेल. होत होती. पाटीच्या चिठ्ठीपासून धाकट्या भावाकडं गेलेली ती रेघ मी दोनदा खोडली, तरी ती दिसत राहिली.

शंकररावाला सांगणं भाग होतं. त्याला न विचारता छापलं असतं तर ते चोरी केल्यासारखं झालं असतं. तो ओट्यावर बसला होता. मी सांगत गेले आणि त्याचा चेहरा आक्रसत गेला. तो म्हणाला, की काकीनं सोसलं ते खरं असेल, पण शाळेच्या भिंतीचं काय करायचं? दोन पिढ्या पोरांनी ते वाक्य पाठ केलंय. ते वाचून पोरं भरतीला गेलीत. तो स्वतः त्यातलाच एक. आता गावाला काय सांगायचं, ते शिपायाचं वाक्य नव्हे म्हणून?

त्याचंही खरं होतं. आतून हौसाबाईंचा आवाज आला. त्या ऐकत होत्या.

"त्यांचं नाव पुसू नगा. खाली माजं लिवा."

शंकरराव उठून रानात निघून गेला. मी शेवटच्या एसटीनं सांगलीला आले. हौसाबाईंनी मला परवानगी दिली की हुकूम केला, हे मला समजलं नव्हतं.

देवधर बाईंना वाटत होतं, यावर स्वतंत्र प्रकरण व्हावं. मी तळटीप लिहिली. भित्रेपणा म्हणा, नाहीतर हौसाबाईंनी "खाली" म्हटलं होतं ते मी अक्षरशः घेतलं म्हणा. पत्र राजारामच्या नावानं वर, आणि खाली बारीक टाइपात: ही चार पत्रं त्यांच्या पत्नी हौसाबाई यांनी लिहिली आहेत. देवधर बाई नाराज झाल्या, पण त्यांनी सही केली. तोवर कारखान्याचा हंगाम आटोपला होता, धुराडी थंड पडली होती आणि माझा कागद गुंडाळून माडीवर कोपऱ्यात उभा होता.

बांधलेली प्रत घेऊन मी उन्हाळ्यात त्या गावी गेले. मधल्या दिवसांत शंकररावानं हौसाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं होतं. कुठल्याशा शिबिरात नंबर लागला होता. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे आणि लहान मुलासारखे दिसत होते. शंकररावानं माझ्याकडून प्रत घेतली, मला न विचारता नेमकं ते पान काढलं, तळटीप वाचली. मग ती उघडी प्रत त्यानं काकीच्या मांडीवर ठेवली आणि चहाचं सांगायला आत गेला.

त्यांनी तळटिपेवर बोट ठेवलं. ओठ हलले. स्वतःच्या नावापाशी त्या थांबल्या, पुन्हा वाचलं. मग पानं उलटू लागल्या. हळूहळू, एकेक. मी शेजारी बसून वारा घालत होते. मला वाटलं, चित्रं शोधत असतील. शेवटी परिशिष्ट होतं. ज्यांच्याकडून पत्रं आणि माहिती मिळाली त्या सगळ्यांची यादी. नाव, गाव, वय, शिक्षण, असे रकाने. ती यादी मी हंगामाच्या सुरुवातीलाच टाइप करून घेतली होती, आणि ती पुन्हा उघडून बघायची राहून गेली होती.

त्यांचं बोट त्यांच्या नावावर आलं आणि तिथून आडवं सरकत शेवटच्या रकान्यात गेलं. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं.

"नि-र-क्ष-र."

माझा हात थांबला. मी काहीतरी म्हणाले. आधी टाइप केलं होतं, चूक झाली, आत्ता खोडते. पेन काढायला मी पिशवीत हात घातला. त्यांनी ते ऐकलं नसावं किंवा ऐकूनही त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या रागावल्या नव्हत्या, निदान तसं दिसलं नाही. बोट खालच्या नावावर गेलं होतं. आटपाडीची एक म्हातारी. मग आडवं, शेवटपर्यंत. निरक्षर. त्याखाली जतकडची एक. निरक्षर. त्याखाली औंधची. त्या एकेक ओळ वाचत खाली उतरत गेल्या, न गडबडता, आणि तो शब्द आता त्यांना लावावा लागत नव्हता. पान संपलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्यातल्या कुनाकुनाला इचारलं व्हतंस?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं.